सातव्या पायरीवर थांबलेली पावलं

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला पंधरा दिवस लागले, म्हणून आधीच कान पकडते. तू म्हणशील, हिची सबब ठरलेली, समुद्र. पण खरंच समुद्रच होता गं. दुपारच्या मालिकेत दीपगृहाभोवती सलग पाच दिवस वादळ होतं आणि ते सगळं माझ्या दोन हातांनी. मोठ्या चाळणीत वाटाणे घेऊन हळू फिरवले की लाट किनाऱ्याला येते, चाळण झटकन तिरपी केली की फुटते. आता वादळ ओसरलंय, मनगटं ठणकतायत आणि आई संध्याकाळी तेल चोळून देते. भावजींना सांग की रेडिओ केंद्रात त्यांची मेव्हणी नक्की काय करते ते त्यांच्या मित्रांना आता तरी पटवून द्या. नट नुसते बोलतात. त्यांच्यासाठी चालते मी, दारं उघडते मी, कपबशा फोडते मी. तू लहानपणी माझं नाव खुडबूड ठेवलंस, त्याचंच हे फळ.

ताई, माझ्या हातून एक घोडचूक झाली. हातून म्हणजे पायांतून. तू मालिका ऐकतेस, तेव्हा तुला ठाऊकच आहे. दीपगृहाचा राखणदार बायकोला मारतो. गेल्या मंगळवारी दुपारी तो झोपलेला असताना ती बोचकं घेऊन जिना उतरते, असा प्रवेश होता. संहितेत एवढंच होतं की पावलं खाली जातात, दूर होतात, दार लागतं. माझ्यासमोर लाकडी पायऱ्यांचा तो छोटा ठोकळा. सहा पायऱ्या मी सुरेख उतरले. सातवीला थांबले.

का थांबले, विचारू नकोस. लाल दिवा चालू होता, सगळं थेट जात होतं, दिग्दर्शकबाई काचेपलीकडून हात हलवत होत्या. मला ते सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं. गळ्याशी कुणाचा तरी गरम श्वास आल्यासारखा वाटला आणि पाय उचलेचना. मग राखणदाराचं काम करणारे काका मोठे चतुर, ते जागं झाल्यासारखं खाकरले आणि वेळ संपली. दुसऱ्या दिवशी लेखकमहाशयांना निमूटपणे तिला परत वर न्यावं लागलं. मला वाटलं आता नोकरी गेली. उलट बाई खूश, कारण गावभर तीच चर्चा.

आता कामाचं. आईचा डावा कान तर कधीचाच गेलाय. आपण सर्दीने गेला म्हणतो आणि कशाने गेला ते तिघींना माहीत आहे. आता उजवाही विझत चाललाय. दोन एप्रिलला ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, सुधारेल तर छान सुधारेल, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. आई घाबरलेली दिसत नाही. मालिकेच्या वेळी रेडिओच्या जाळीला गाल लावून बसते, असं शेजारीण सांगते. परवा मात्र शिवता शिवता तिने विचारलं की थोरलीचा आवाज आता कसा आहे, जाड झाला की तसाच आहे. बाबा गेल्यावर आम्ही या नव्या घरात आलो, त्याला सहा वर्षं झाली, तू इथली पायरी एकदाही चढली नाहीस. दोन तारखेच्या आत ये ना. फोनवर तिला काही ऐकू येत नाही, आणि तुझ्या पत्राच्या शेवटी आईसाठी जो एकच नमस्कार असतो त्याला आवाज नसतो.

लोभ आहे तो असू दे, थोडा पाठवूनही दे.

तुझी,
खुडबूड


ता. ११ मार्च

चि. खुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.

समुद्र मिळाला. दुकानात सगळ्यांनी वाहवा केली. माझ्याकडे चष्म्याचा नंबर काढायला येणारं प्रत्येक माणूस हल्ली एक डोळा झाकून तुझ्या मालिकेवर बोलतं. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं खालच्या ओळीकडे बारीक होत जातात आणि यांचा आवाज मोठा होत जातो. काल एका आजोबांनी पाचवी ओळ वाचता वाचता मध्येच सांगितलं की राखणदार मनाने सोनं आहे, एकटेपणाने वाकडा झालाय, बायकोने जरा समजून घेतलं असतं तर असा वागता ना. मी त्यांना सहावी ओळ वाचायला लावली.

राखणदार सोनं आहे असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या त्या बाईचीही मला कीव येत नाही, राग येतो. तो घोरत होता. दार उघडं होतं. पायांत बळ होतं. मग थांबली कशाला? थांबली ती थांबली, वर परत कशाला गेली? अशा बायकांना सोसायची सवय लागते आणि मग त्या सवयीपायी आजूबाजूच्या सगळ्यांचं वाटोळं होतं. तुझ्या पायांनी चूक केली नाही, बरोब्बर केलं. त्या तशाच असतात. मालिका आहे, माझं कशाला एवढं डोकं तापावं, असं तुझे भावजी म्हणाले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते बिचारे अंघोळ करताना बेसूर गाऊन माझी समजूत काढत होते.

येण्याचं म्हणशील तर या महिन्यात कठीण. नवीन काचा यायच्यात, मदतनीस बाई रजेवर आहेत, माझी पाठही धरली आहे. ऑपरेशन झालं की लगेच कळव. डॉक्टर चांगले आहेत ना? तिला थंड पाणी देऊ नकोस, कान झाकून बाहेर पड म्हणावं.

तू लोकर घेऊन विणलेला तो लांबुडका प्रकार मिळाला. मफलर आहे की पायपुसणं ते पुढच्या पत्री लिही, त्याप्रमाणे वापरू. माया कमी होऊ देऊ नकोस, विणकाम कमी केलंस तरी चालेल.

आईस नमस्कार.

तुझी,
ताई


ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मफलर होता. आता पायपुसणं कर.

ताई, घरात पत्रांचा पूर आलाय. श्रोत्यांच्या पत्रांनी भरलेली तीन पोती केंद्रावर पडली होती. दिग्दर्शकबाईंनी ती मला दिली, कारण त्यांच्या मते हे सगळं माझ्याच पायगुणाने झालंय. मी ती घरी आणली आणि आई म्हणाली की वेगळी करून देते. रोज दुपारी मी केंद्रावरून परतले की शिवणाच्या टेबलावर कापडाऐवजी पत्रं पसरलेली असतात. ऊन पडद्यातून गाळून येतं, आई चष्मा नाकावर ओढून एकेक वाचते, आणि गठ्ठे लावते. मध्येच मला वाटतं की हे सगळं दीपगृहातच चाललंय आणि खाली पाणी आहे.

गठ्ठे ऐक. एक राखणदाराच्या प्रेमात पडलेल्यांचा. त्यातल्या एकीने त्याला हातमोजे विणून पाठवलेत, माझ्यापेक्षा छान. एक त्याच्या बालपणाबद्दल हळहळणाऱ्यांचा. आणि सगळ्यांत उंच गठ्ठा बायकोला शिव्या देणाऱ्यांचा. ती मूर्ख आहे, ती मुद्दाम त्याला चिडवते, तिला कणा नाही, तिचं रडणं कानाला त्रास देतं, तिला मारून टाका आणि राखणदाराला चांगली बायको द्या. तिचं काम करणारी आमची नटी भाजी घ्यायला गेली तर भाजीवालीने आवाजावरून ओळखलं आणि चारचौघांत सुनावलं की तुझ्यासारख्यांमुळे पुरुष शेफारतात. पोरगी केंद्रावर येऊन माझ्या पायऱ्यांच्या ठोकळ्यावर बसून रडली. थांबले मी होते, आणि बोलणी तिने खाल्ली.

आईने काल सुई ओवता ओवता एक गोष्ट म्हटली. म्हणाली की ती का गेली नाही असं तिन्ही पोत्यांत सगळे विचारतात, त्याने हात का उचलला असं एकही पत्र विचारत नाही. एवढंच म्हणाली आणि दोरा तोडला.

मग एक गंमत झाली, म्हणजे गंमत नव्हे. पोत्यातून तिने आणखी एक पत्र उचललं. खाली नुसतं 'एक श्रोती' लिहिलेलं. ते तिने वाचलं, मिटलं आणि घडीवरून अंगठ्याचं नख फिरवत बसली. किती वेळ ते सांगता येत नाही, ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं होतं. मला वाचायला दिलं नाही. पेटीत ठेवलं आणि माझ्याकडे मापं काढायचा मोठा कागद मागितला. कुणाला तरी पत्र लिहायचंय म्हणाली.

त्यानंतर मला स्वप्नं पडतायत. एक जिना, वळणाचा, आणि मी कुणाच्या तरी खांद्यावर. खाली उजेड आहे, वर अंधार आहे, आणि आम्ही दोघी वरच्या दिशेला कान लावून बसलोय. जाग येते तेव्हा गळ्याशी तोच श्वास. तुला असा जिना आठवतो का गं?

नवीन काचा आल्या की त्यांतून इकडे बघ. दोन तारखेला फार दिवस उरले नाहीत.

तुझी,
खुडबूड


ता. २३ मार्च

चि. खुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते. श्रोत्यांची पत्रं तुझ्या घरी कशाला आणलीस? मला वाटत होतं की अशी पत्रं कुणी वाचत नाही, रद्दीत जातात. आईला ती वाचायला देऊ नकोस. रिकामटेकडी माणसं रागाच्या भरात काहीबाही लिहितात, मनात तसं नसतंही.

तिने ठेवून घेतलेलं पत्र कसं होतं? कागद निळा होता का? त्यात काय लिहिलंय ते तिला न विचारता बघता आलं तर बघ. नको, बघू नकोस. जाऊ दे.

जिना मला आठवत नाही.

तुझी,
ताई


ता. २५ मार्च

'एक श्रोती' यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र वाचलं. मी केंद्रातली कुणी नाही. घरी बसून कपडे शिवणारी बाई आहे आणि मालिका एका कानाने ऐकते. तरी उत्तर द्यावंसं वाटलं. कागद मोठा आहे, अक्षर मोठं काढते, रागावू नये.

आपण लिहिलंत की ती बाई जिन्यात थांबली ती भित्रेपणाने आणि वर परत गेली ती सवयीने. आपण असंही लिहिलंत की तिला मूल नाही हे फार बरं, नाहीतर ते मूल जन्मभर जिन्यात उभं राहिलं असतं. हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं.

राखणदाराचा आवाज गोड आहे, मान्य. लोक भाळतात. मी ज्यांना ओळखत होते त्यांचाही गोड होता, बाहेर. त्यांच्याबद्दलही लोक हळहळायचे की एवढा गुणी माणूस आणि बायको अशी घुमी. मी हसून चहा करायची.

मला एक बाई ठाऊक आहे. तिने रविवारची दुपार निवडली, कारण रविवारी जेवून ते आरामखुर्चीत, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपत. धाकटी तीन वर्षांची, ती खांद्यावर. थोरली नऊ वर्षांची. जिना लाकडाचा आणि करकरणारा. म्हणून तिने थोरलीला समजावलं की बूट हातात धर, मी वळणापर्यंत पोचले की मग तू निघ, सगळी पावलं एकदम वाजायला नकोत. वळण सातव्या पायरीला होतं. तिथे ती थांबली आणि धड असलेला कान वर करून ऐकू लागली.

पाऊल आलं नाही. ती शंभरापर्यंत मोजत राहिली. धाकटी तिच्या गळ्याशी तोंड लावून श्वास घेत होती. खाली दाराच्या फटीतून रस्ता दिसत होता, एक सायकल गेली, ती घंटी मला अजून ऐकू येते. एकतर पोर घाबरली होती, नाहीतर ते जागे झाले होते. दोन्ही विचार वरच घेऊन जात होते, खाली नेणारा विचारच नव्हता. मी वर गेले.

बघा, 'मी' म्हटलं गेलं. आता असू दे.

तू उंबऱ्यात उभी होतीस. वर्तमानपत्र त्यांच्या तोंडावरून घसरलं होतं, पण ते झोपेतच होते. तू त्यांच्याकडे बघत होतीस, बूट छातीशी धरलेले. तुझे पाय उचलत नव्हते. मी खाली बसून तुझ्या पायांत बूट घातले आणि कानात सांगितलं की उद्या जाऊ. संध्याकाळी त्यांना बोचकं सापडलं. डावा कान तेवढा आधी गेला होता, बाकीचं त्या संध्याकाळी झालं. नंतर, ते घर सोडेपर्यंत वर्षभर, जिन्याच्या दाराला कुलूप होतं.

तू माझ्यावर चिडत गेलीस ते मला दिसत होतं. ते गेल्यावर स्वयंपाकघरात तू म्हणालीस की हे सगळं तुझ्या लेचेपेचेपणाने झालं. तेव्हाही मी सांगितलं नाही की तुझ्यासाठी वर आले. मला वाटायचं, सांगितलं तर पोर म्हणेल की माझ्यामुळे. आईवरचा राग मूल उचलून धरू शकतं, ते दुसरं ओझं त्याला झेपायचं नाही. म्हणून मी ते तुला घेऊ दिलं नाही. पण तू तर अजून तिथेच उभी आहेस. हे मला तुझ्या पत्रावरून कळलं, आणि माझं काळीज हललं गं.

नऊ वर्षांच्या पायांचा काही दोष नसतो. धाकटीच्या पायांचाही नाही, त्या दिवशी ती सातवीला थांबली तेव्हा रेडिओशी बसून मी रडले. तिला यातलं काही सांगितलेलं नाही, आणि तिचं अंग मात्र विसरलेलं नाही. दोष माझाही नव्हता. एवढं एक वाक्य म्हणायला मला एकतीस वर्षं लागली. ज्याचा हात उठला त्याचा दोष. तो माणूस गेला तरी दोष त्याच्याच नावावर राहतो, मागे उरलेल्यांनी वाटून घ्यायचा नसतो.

पत्र तुझं आहे हे मला अक्षरावरून कळलं नाही, ते तू छान बदललं होतंस. घडीवरून कळलं. कागदाची घडी नखाने दाबून बसवायची ते मी तुला कापडावर शिकवलं होतं. आपला लोभ असावा असं अनोळखी माणसाला लिहितात, तुला काय लिहू? दोन तारखेनंतर ऐकू येईल न येईल, आज येतंय.

तुझी,
आई


ता. २९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात आलं. एक गृहस्थ खुर्चीत बसले होते, त्यांना थांबा म्हटलं आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत, जिथे आम्ही डोळे तपासतो, तिथे टॉर्च धरून वाचलं. कागद इतका मोठा की पूर्ण उलगडायला जागा पुरेना. बाहेर आले तेव्हा ते गृहस्थ कुणाला तरी सांगत होते की दीपगृहातल्या त्या बाईला मार खायची आवडच असणार. मी त्यांना तक्त्याची शेवटची ओळ वाचायला लावली. नाही वाचता आली. त्यांना म्हटलं की तुम्हाला दिसत नाही म्हणून तिथे काही लिहिलेलं नाही असं होत नाही. रागावून गेले बिचारे. चष्मा विसरून गेले.

आई, जिना मला आठवतो. धाकटीला नाही म्हणून लिहिलं, पण मी तो एक दिवसही विसरलेली नाही. ते झोपले होते हेही मला माहीत होतं. वर्तमानपत्र घसरलं आणि त्यांचा हात खुर्चीवरून खाली लोंबला, मला वाटलं मी हलले तर तो हात हलेल. तू सातवीला थांबलीस ते मला ऐकू आलं. तू थांबून राहिलीस तेही ऐकू येत होतं. मला यायचं होतं गं. तू वर आलीस आणि घाईत डावा बूट उजव्या पायात घातलास. मी संध्याकाळपर्यंत तशीच फिरले, काढले नाहीत.

तू परत आलीस म्हणून मी तुझ्यावर राग धरला. नाहीतर राग धरायला मीच उरले असते. राखणदाराच्या त्या बिचाऱ्या बायकोला मी जे लिहिलं ते तिला नव्हतं, तुलाही नव्हतं. आता केंद्राला दुसरं पत्र टाकलंय, खाली दुकानाचा पूर्ण पत्ता घालून. तिला उतरवायचं असेल तर वर कुणी आहे का ते आधी बघा, असं लेखकमहाशयांना कळवलंय. नटीबाईंसाठी चष्म्याचा एक चांगला दोरा पाठवलाय, दुसरं काय पाठवावं सुचेना. पहिलं पत्र फाडू नकोस. घडीवरून ओळखलंस म्हणतेस तर राहू दे.

धाकटीला जिन्याचं मी सांगेन. तिच्या गळ्याशी येतो तो श्वास तिचाच आहे, हे तिला कळलं की तिची स्वप्नं थांबतील.

परवा रविवारी दुपारच्या गाडीने येते. पाठ ठणठणीत आहे, काचा केव्हाच आल्यात, मदतनीस बाई तर रजेवर गेल्याच नव्हत्या. तुमच्या जिन्याला पायऱ्या किती मला माहीत नाही, सहा वर्षांत विचारलंसुद्धा नाही. टाचांचे बूट घालून येणार आहे, खाडखाड वाजवत. उजवा कान दाराला लावून बस. मध्ये आवाज थांबला तर मला घ्यायला उठू नकोस. दम लागला असेल, तेवढंच. मी येतेच आहे.

तुझी,
थोरली